आधी बरणी, मग नेमके औषध

बीड किंवा हिंगोलीकडच्या एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ जवळच्या दवाखान्यात काढली जाते आणि ती बरणीत घालून तिचा मुलगा एसटीने छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी निघतो, हे मराठवाड्यात नवे नाही. त्या बरणीत पेशी टिकवून धरणारे फॉर्मॅलिनचे द्रावण आहे की नुसते सलाइन, यावर आईला पुढे कोणते औषध मिळणार हे बऱ्याच अंशी ठरते, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

प्रिसिजन मेडिसिन म्हणजे एकाच नावाच्या आजाराला सरसकट एकच औषध न देता, त्या रुग्णाच्या पेशींतला दोष शोधून त्यावरच उपचार योजणे. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध याच प्रथिनाला चिकटते. ते वाढलेले नसेल तर खर्च होतो, हृदयाला धोका संभवतो आणि गुण मात्र येत नाही.

प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे केसाहून पातळ काप घेतात व त्यांवर हर-टूला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) प्रक्रिया करतात. पेशींच्या कडेने पूर्ण, गडद तपकिरी रेघ उमटली तर गुणांक तीन, म्हणजे हर-टू वाढलेले आहे. ती फिकट असली तर दोन, म्हणजे खात्री नाही, आणि मग फिश चाचणीने हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात.

पण रेघ उमटायला प्रथिन शाबूत हवे. गाठ काढल्यापासून तासाभरात ती फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. हे द्रावण तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, म्हणून मोठी गाठ चिरून ठेवावी लागते आणि द्रावण तिच्या दहापट तरी लागते. सलाइनमध्ये, त्यातही आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात, पेशी आपल्याच विकरांनी (एन्झाइम्सनी) विरघळू लागतात. अशा तुकड्यावर कितीही महागडे यंत्र लावले तरी अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. यंत्रांइतकीच या बरणीची काळजी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

२०२२ मध्ये, हर-टूचा थोडाच अंश असलेल्या, शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगावरही ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध अमेरिकेत मान्य झाले आणि जुने ठोकळे पुन्हा तपासण्याची वेळ आली. म्हणून नातेवाइकांनी बरणीवर गाठ काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ लिहून घ्यावी, आणि उपचारासाठी दुसरीकडे जाताना अहवालाबरोबर ठोकळाही मागून घेऊन तो उन्हापासून दूर, थंड जागी ठेवावा.