कडी निघत नव्हती

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडसमोर आम्ही पोरं एक खेळ खेळायचो. चपटे दगड एकावर एक रचायचे, वर मातीचं ढेकूळ ठेवायचं, ते माळवद. मग कुणीतरी "आला, आला!" म्हणून ओरडायचं आणि सगळं लाथेनं पाडायचं. पाडलं की परत रचायचं. "काय अभद्र खेळता रे," म्हणत आजीनं एकदा पाठीत धपाटाही घातला. रात्री तीच आजी झोपेतून किंचाळत उठायची. सपान रोज एकच. दार आहे, दाराला कडी आहे आणि कडी निघत नाही.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागातली जमीन हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जी उरली त्यांच्यातल्या अनेकांची झोप गेली.

आजीच्या सपनाचं कोडं मला पुढं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड वाचताना पुन्हा भेटलं. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, असं त्यानं आधी ठामपणे मांडलं होतं. मग पहिलं महायुद्ध झालं. आघाडीवरून परतलेले सैनिक रात्रीमागून रात्री तोच स्फोट स्वप्नात पाहून दचकून उठत होते. यात इच्छा कुठली? 1920 साली आलेल्या एका पुस्तकात फ्रॉइडनं आपल्या सिद्धांताला असलेला हा अपवाद मान्य केला. मला तो माणूस सगळ्यात मोठा वाटतो तो इथं.

त्याच पुस्तकात त्याचा दीड वर्षाचा नातू येतो. हे पोर दोरा बांधलेली लाकडी रिळ पाळण्याच्या पडद्याआड फेकायचं आणि "ओऽऽ" करायचं. फ्रॉइडच्या मते त्याला म्हणायचं होतं, 'गेलं'. मग दोरा ओढून रिळ परत आणायचं आणि खुशीत म्हणायचं, 'हे बघ, आलं'. आई बाहेर गेली की पोराच्या हातात काहीच नसे. खेळात मात्र घालवणारा तोच आणि आणणाराही तोच. हे वाचलं आणि आमचे चपटे दगड आठवले. आमचं खरं घर पडलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. खेळातलं घर आम्ही म्हणू तेव्हाच पडायचं.

स्वप्नाबद्दल त्याचं म्हणणं असं: धक्का बसला तेव्हा मन बेसावध होतं, भ्यायलाही वेळ मिळाला नाही. ती राहून गेलेली भीती मन मागाहून, स्वप्नात पुन्हा पुन्हा उभी करतं, म्हणजे उशिरा का होईना, तयारी करतं. फ्रॉइडचं सगळंच आज कुणी मानत नाही. पण आघाताची आठवण 'मागे घडलेलं' म्हणून नीट लागत नाही, आत्ताच घडतंय अशी उसळते, हे आजच्या मानसशास्त्रालाही मान्य आहे. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या अवस्थेला आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली. वारंवार पडणाऱ्या भीतीच्या स्वप्नांवर एक साधा उपचारही आहे: दिवसा, पूर्ण जागेपणी ते स्वप्न आठवायचं, त्याचा शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि ते नवं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. अनेकांची स्वप्नं यानं विरळ होतात.

आमच्याकडं तेव्हा 'बाहेरचं लागलंय' म्हणून आजीला अंगारा लावला होता. लावणाऱ्यांचा जीव तिच्यात होता, त्यांना मी बोल लावणार नाही. पण ते बाहेरचं नव्हतं. तिचंच मन रात्रभर त्या कडीशी झटत होतं, आणि हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुपारी ज्वारी निवडताना ती शेजारणीला सपान सांगायची. शेजारीण ऐकत खडे वेचायची, मग स्वतःचं सांगायची. पुढं पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, लोखंडी दाराचं. त्या दाराची कडी आजीनं जिवंत असेपर्यंत रात्री कधीच लावू दिली नाही. दार नुसतं लोटून, आतून पाण्याची घागर टेकवून ठेवायची.