बंबाला चाकं लावली तर

जुन्या नाशकातल्या वाड्यांत आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर समजून घ्यायचा असेल तर तोच बंब आडवा करा, एका नळीच्या जागी शंभरेक बारीक नळ्या घाला आणि तोंड घट्ट बंद करा. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. ती मिळाली नाही की दाब चढतो आणि दट्ट्या ढकलला जातो.

साखर कारखान्यांत, खाणींत वॅगनी ओढणारी इंजिनं या कुळातली धाकटी भावंडं. पाण्याची टाकी बरेचदा बॉयलरवरच खोगिरासारखी. तिच्या वजनाने चाकांची पकड वाढते. जावातल्या कारखान्यांत ती उसाच्या चिपाडांवर चालत. (सिंद्रीच्या खत कारखान्यातल्या एका इंजिनात तर आगच नव्हती! कारखान्याची वाफ टाकीतल्या पाण्यात भरून घ्यायची; दाब उतरला की तेच गरम पाणी आपणहून उकळून पुन्हा वाफ देई. ते आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.)

इंग्लिश बनावटीच्या इंजिनांत भट्टी बहुधा तांब्याची असे, कारण तांबं उष्णता पोलादाच्या सात-आठ पट चांगली वाहून नेतं. आत हजार अंशांवर जाळ असूनही पत्रा टिकतो, कारण पलीकडचं पाणी त्याची उष्णता खेचून घेतं. पाणी उतरलं तर धडगत नाही. म्हणून भट्टीच्या छतात शिशाचं बूच असतं. शिसं 327 अंशांना वितळतं आणि जाळावर वाफ सुटून ड्रायव्हर सावध होतो.

पण पाणी भरपूर असूनही पत्रा तापू शकतो. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. बंबाच्या तळाशी पांढऱ्या खपल्या धरायच्या, आजी त्या खरवडून काढायची. बॉयलरमध्ये हाच थर पत्रा आणि पाणी यांच्यामध्ये गोधडीसारखा बसतो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून, धुण्यासाठी ठेवलेल्या भोकांची बुचं काढून, सळया नि पाण्याचा झोत घालून बॉयलर धुवावा लागे.

जतनाचं घोडंही बॉयलरपाशीच अडतं. बागेत शोभेला ठेवलेल्या इंजिनाला दरवर्षी काळा रंग फासतात. मला ते जतन वाटत नाही. बाहेरच्या आवरणाखाली पावसाचं पाणी मुरून पोलाद गंजतच असतं. इंजिन चालतं करायचं तर आधी पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात. मग बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणीच का? ते जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे भेग असली तर नुसती धार लागते, स्फोट होत नाही. त्यानंतर आग, तीही आदल्या दिवसापासून आणि मंद. भट्टीचं तांबं बॉयलरच्या पोलादापेक्षा जास्त फुगतं. घाई केली की सांधे गळायला लागतात.