महारोगात बोटं खरंच झडतात का?

"महारोग झाला की बोटं झडतात" हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की शिकलेली माणसंही बिनधास्त बोलतात, पण बोटं त्या रोगाने झडत नाहीत, दुखणं कळत नाही म्हणून जखमा होत राहतात आणि त्यातून बोटं जातात.

जंतू तर खूप आधी सापडला होता, १८७३ ला नॉर्वेतल्या बर्गनमधे, आर्मावर हॅन्सन यांना. या जंतूला जरा गार जागा मानवते म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांमधे घर करतो, कोपराजवळची, गुडघ्याच्या बाहेरची, घोट्याच्या आतल्या बाजूची. तिथले चटका आणि वेदना कळवणारे बारीक तंतू सहसा पहिले निकामी होतात. मेंदू शाबूत, मज्जारज्जू शाबूत, पण खालून निरोपच वर येत नाही.

१९४६ ला पॉल ब्रँड हे ब्रिटिश सर्जन तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना, एका रुग्ण पोराने किल्ली जोरात फिरवून ते उघडलं आणि बघतात तर त्याचं बोट हाडापर्यंत कापलेलं, पोराला पत्ताच नाही! मग त्यांनी एकेका जखमेमागचं कारण शोधायला घेतलं, गरम भांडं, अवजाराचा दांडा, रात्री झोपेत बोटं कुरतडणारे उंदीरसुद्धा. आणि जपलं तर याच जखमा इतरांसारख्या भरून येतात हेही दिसलं. मला ही गोष्ट औषधाच्या शोधाइतकीच मोठी वाटते, कारण शतकानुशतकं ज्यांना सडणारी माणसं म्हणून गावाबाहेर काढलं त्यांचं मांस मुळात सडतच नव्हतं.

पुढे ब्रँड अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, तिथे त्यांच्या टीमने नकली वेदना बनवायचा प्रयत्न केला, सेन्सर लावलेले मोजे-हातमोजे, दाब वाढला की सिग्नल. जमलं नाही. हातातलं काम पूर्ण करायचं असलं की लोक सिग्नल बंद करून टाकायचे, खऱ्या वेदनेला असं बटण नसतं, ती हात मागे घ्यायलाच लावते.

आपल्याकडे वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीत तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं आणि लोकांनी वाळीत टाकलेल्या याच हातांनी शेती केली, माग चालवले. तरी कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागायची तरतूद कायद्यातून गेली ती थेट २०१९ ला.

आज डायबेटिसवाल्यांच्या तळपायाला नायलॉनचा धागा टेकवून "कळतंय का?" विचारतात ना, ती तपासणी रुजली त्यात कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवरच्या कार्व्हिलमधल्या कामाचा मोठा वाटा आहे.