नसलेला उजेड दिसू लागतो तेव्हा

कणभौतिकीतल्या प्रकाशसंवेदकांचं म्हातारपण जरा विचित्र असतं. त्यांना दिसेनासं होण्याआधीच नसलेलं दिसू लागतं.

लार्ज हॅड्रॉन कोलायडर या सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय कणवेगवर्धकात प्रोटॉनांची टक्कर झाली की उडालेले कण स्फटिकांतून जाताना क्षीण चमक सोडतात. ती टिपायला हल्ली सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर वापरतात. काही चौरस मिलिमीटरची चिप, तिच्यावर हजारो चिमुकल्या पेशी आणि व्होल्टेज इतकं ताणलेलं, की एका फोटॉनने, म्हणजे प्रकाशाच्या कणाने, एक इलेक्ट्रॉन सुटला तरी इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुरू होतो. म्हणून तर एवढीशी चमक मोजता येते. पण पहिला इलेक्ट्रॉन कुठून आला, याच्याशी लोंढ्याला काही देणंघेणं नसतं. नुसत्या उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉनही हुबेहूब तसाच सिग्नल देतो. अगदी नव्या चिपमध्येही साध्या तापमानाला दर चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला हजारो खोटे सिग्नल येतातच. तेवढे खपून जातात.

खरा घात करतात न्यूट्रॉन. न्यूट्रॉनच्या धक्क्याने सिलिकॉनच्या अणूला २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) आसपास ऊर्जा मिळाली, की तो स्फटिकजाळीतली आपली जागा सोडतो. मोकळी जागा आणि भलतीकडे अडकलेला अणू, असे दोन दोष एकदमच तयार होतात. निर्दोष सिलिकॉनमध्ये सुटण्यासाठी इलेक्ट्रॉनला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उडी लागते आणि उष्णतेच्या जोरावर ती क्वचितच साधते. दोषांमुळे त्या उंच भिंतीला मधोमध पायरी मिळते. मग काय, इलेक्ट्रॉन दोन टप्प्यांत सहज वर येतात आणि खोट्या सिग्नलांचा आकडा सेकंदाला अब्जांवर जातो.

प्रकाश टिपणाऱ्या निर्वात नळ्यांचं दुखणं निराळं. मायक्रोचॅनल प्लेटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वाढवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या चकतीच्या, नळीत उरलेल्या वायूचे आयन उलटे येऊन फोटोकॅथोडवर, म्हणजे प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरावर, आपटतात. जितका प्रकाश मोजावा तितकी झीज. तिथे मात्र खरोखरच नजर मंदावते.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या सीएमएस या प्रयोगासाठी आखलेल्या कालमापन शोधकात सिलिकॉन चिपमधल्या खोट्या सिग्नलांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच्या मधल्या भागातल्या संवेदकांना पूर्ण कार्यकाळात दर चौरस सेंटिमीटरला, १ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांच्या हिशेबात, सुमारे २०० लाख कोटी न्यूट्रॉनांइतका मारा सोसायचा आहे. व्होल्टेज उतरवलं तर खोट्या सिग्नलांचा गोंगाट घटतो, पण खरे फोटॉनही निसटतात. हा सौदा फार ताणता येत नाही. त्यामुळे मुख्य मदार थंडीवर: उणे ४५ अंश सेल्सिअस. तापमान साधारण १० अंशांनी उतरलं की गोंगाट निम्म्यावर येतो.

पण थंडी दोष मिटवत नाही, त्यांचा आवाज तेवढा दाबते. दोष बुजायला उष्णता लागते, कारण तापलेल्या जाळीत अणू हलू शकतात. म्हणून प्रोटॉनांचे झोत बंद असण्याच्या काळात हेच संवेदक ६० अंशांपर्यंत तापवायची योजना आहे. त्यासाठी वेगळी शेगडी लागत नाही. संवेदकांना चिकटवलेल्या तापविद्युत शीतकांमधल्या (वीज सोडली की थंडावा देणाऱ्या पट्ट्यांमधल्या) प्रवाहाची दिशा उलटी केली, की तेच उष्णता देऊ लागतात. सगळे दोष जात नाहीत. काही पायऱ्या कायमच्या राहतात, आणि पुढच्या हंगामाचा गोंगाट त्यांच्यापासून मोजायचा.