पार्श्वभूमी : गॅलापागोसच्या बोटी आणि चौदा रात्रींचा नियम

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांची आठवडाभराची बोटीची सहल ठरवणारे बरेच जण एकाच प्रश्नाशी अडतात. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पाहावा की न उडणारा पाणकावळा? एका फेरीत दोन्ही क्वचितच जमतात. याचं मूळ २०१२च्या एका निर्णयात आहे.

जुना इतिहास थोडक्यात. १५३५ मध्ये वाट चुकलेल्या एका जहाजाने ही बेटं पाहिली. पुढे देवमाशांच्या शिकाऱ्यांनी राक्षसी कासवं जिवंतच जहाजांच्या तळाशी रचून नेली, कारण ती महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय तग धरतात. १८३२ मध्ये बेटं इक्वेडोरकडे आली, १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पर्यटकांच्या बोटी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या. बोटीवरच झोपायचं, दिवसा किनाऱ्यावर उतरायचं आणि काहीही मागे न ठेवता परतायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. एका बोटीवर जास्तीत जास्त शंभर प्रवासी आणि सोबत परवानाधारक मार्गदर्शक, हा नियम आहे.

२०१२ पर्यंत बहुतेक बोटी दर आठवड्याला तीच फेरी मारत. त्यामुळे ठरावीक पायवाटांवर गर्दी व्हायची. नवा नियम आला : चौदा रात्रींत एका बोटीने एका स्थळी दुसऱ्यांदा जायचं नाही. फेऱ्या मग आपोआप दुभंगल्या. ही बेटं ज्वालामुखीतून घडली : लाव्हा वर येण्याची जागा, म्हणजे तप्त बिंदू, पश्चिमेला आहे आणि बेटांखालचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे फर्नांदिना हे तरुण आणि धगधगतं बेट पश्चिम टोकाला, तर झिजलेलं, जुनं एस्पान्योला आग्नेयेला. गॅलापागोसचे अल्बाट्रॉस जवळपास सगळे एस्पान्योलावरच घरटी करतात, तीही साधारण एप्रिल ते डिसेंबर. पाणकावळा मात्र फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यांवरच, जिथे खोलातून वर येणारं थंड पाणी त्याला मासे पुरवतं. दोन टोकं, दोन फेऱ्या, दुप्पट खर्च. बोटवाल्यांनी कुरकूर केली, प्रवाशांनीही. पायवाटांना उसंत मिळाली, म्हणून निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्याचा चाप बसला तो आधीच नियमांनी सर्वांत जास्त बांधलेल्या, बोटीवरच्या प्रवाशाला.

कारण पर्यटकांची वाढ बोटींवर नव्हतीच. बोटींवरच्या खाटांची संख्या आधीच गोठवलेली होती. वाढली ती वस्तीच्या बेटांवरची हॉटेलं आणि तिथून सुटणाऱ्या दिवसभराच्या सहली. जागतिक वारशाचं हे स्थळ २००७ मध्ये धोक्याच्या यादीत गेलं, त्यामागे पर्यटनाची ही वाढ आणि बाहेरून येणारे जीव ही मोठी कारणं होती. २०१० मध्ये नाव यादीतून निघालं, अनेकांच्या मते घाईने. २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार लोक आले, त्यातले बहुसंख्य जमिनीवर मुक्काम करणारे.

ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रौढांचं प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर झालं. ते बोटीवरच्यांना आणि हॉटेलातल्यांना सारखंच आहे.