सर्व्हर चालू आहे, पण कुणी जोडलं जात नाही?

आमच्याकडून छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर पहिलाच सॉकेट प्रोग्राम (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रामशी बोलणारा) चालवणाऱ्यांसाठी हे पत्रक. फोनवर नुसतं "चालत नाही" म्हणालात, तर आम्ही आधी हेच विचारणार: क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडू पाहणारा प्रोग्राम, अडतो तो कसा?

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं लगेच आलं, तर निम्मं काम झालं समजा. मशीनपर्यंत तुम्ही पोचलात. त्या पोर्टवर (मशीनवरच्या त्या नंबरच्या दारावर) ऐकणारं कुणी नाही, एवढंच. बहुतेक वेळा बाइंड करताना, म्हणजे प्रोग्रामला पत्ता आणि पोर्ट नेमून देताना, १२७.०.०.१ हा पत्ता दिलेला असतो. तो मशीनचा स्वतःपुरताच पत्ता, बाहेरच्याला तिथे दार नाही. त्याजागी ०.०.०.० द्या, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते. सी भाषेत लिहिणाऱ्यांनी पोर्ट देताना ‘एचटीओएनएस’ (आकड्याचे बाइट नेटवर्कच्या क्रमाने लावणारं फंक्शन) विसरलं नाही ना, तेही बघावं. ते राहिलं की आपण ८०८० समजतो आणि प्रोग्राम ३६८९५ वर जाऊन बसतो. नेटस्टॅट (कोणतं पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) लावलं की लगेच दिसतं.

काहीच न येता कर्सर नुसता लुकलुकत राहिला, तर बहुधा फायरवॉल, म्हणजे पोर्टवरचा पहारेकरी, आडवा आला. नवीन सर्व्हर देताना आम्ही फक्त २२ नंबरचं पोर्ट उघडं ठेवतो, बाकीची तुम्ही उघडायची.

‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला, की जुनं कनेक्शन लिनक्सवर साधारण ६० सेकंद रेंगाळतं. थांबा, किंवा बाइंडच्या आधी ‘रीयूज अ‍ॅड्रेस’ हा पर्याय लावा. पण मिनिटभर थांबूनही तेच? मग तुम्ही कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलं असणार. त्याने प्रोग्राम मरत नाही, पोर्ट अडवून नुसता झोपतो. (आमच्यातल्या एकाची यात अख्खी संध्याकाळ गेली होती.) ‘जॉब्स’ टाइप करा, सापडेल.

आता जोडणी होते, पण उत्तर येत नाही. टीसीपीला (दोन्ही टोकांमध्ये डेटा नेणाऱ्या नियमपद्धतीला) ‘निरोप’ कळत नाही. त्याच्या लेखी सगळा बाइट्सचा एकच ओघ. दोनदा पाठवलेलं एकदम येऊ शकतं, एकदा पाठवलेलं तुकड्यांत. सर्व्हर पूर्ण ओळीची वाट बघत असेल आणि क्लायंटने ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) पाठवली नसेल, तर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात.

तरीही अडलं, तर एररची ओळ आहे तशी आणि नेटस्टॅटचं आउटपुट पाठवा. पासवर्ड पाठवू नका, आम्हाला तो लागत नाही.