शांत बसलंय म्हणजे रुळलंय असं नाही: दत्तक कुत्र्याचे घरातले पहिले तीन महिने

रस्त्यावरून, निवाऱ्यातून किंवा अपघातातून वाचलेलं कुत्रं तुम्ही घरी आणलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. आम्ही पुण्यात कुत्र्यांचं छोटं पाळणाघर चालवतो आणि घरी येऊन शिकवण्याचंही काम करतो. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही हे पत्रक देतो. सुरुवातीच्या दिवसांत येणारे फोन बहुतेक त्याच चार-पाच गोष्टींचे असतात, आणि त्या आधी माहीत असत्या तर घरच्यांचा आणि कुत्र्याचा बराच त्रास वाचला असता.

सगळ्यात जास्त वेळा कानावर येतं ते हे: "पहिले आठ दिवस इतकं गुणी होतं हो, आवाजसुद्धा नव्हता. आता काय झालं कोण जाणे, भुंकतं, चपला फाडतं, मुलावर गुरगुरलंसुद्धा."

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. पहिले आठ दिवस ते गुणी नव्हतं, घाबरून गप्प होतं. अंग चोरून बसायचं, कुणाच्या नजरेत यायचं नाही, एवढंच त्याला सुचत होतं. आता थोडा धीर आला, म्हणून ते आवडनिवड सांगायला लागलंय. कुत्रं परत द्यायचे विचार घरोघरी सुरू होतात ते नेमके याच काळात, आणि आम्हाला त्याचं फार वाईट वाटतं. रुळायची सुरुवात खरी इथून होते.

पहिले तीन दिवस

आपल्याला घर म्हणजे सुख वाटतं. ज्याचं सगळं आयुष्य माती, डांबर आणि मोकळ्या हवेत गेलं त्याला ते तसं वाटत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. डोक्यावर पंखा फिरतो. लिफ्टचं दार मिटतं आणि पायाखालची जमीन हलते. मिक्सर, फ्लशचा आवाज, आरशातलं दुसरं कुत्रं, यातलं काहीच त्यानं पाहिलेलं नसतं. कुकरच्या पहिल्या शिट्टीला पलंगाखाली शिरलेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर न आलेली कुत्री आम्ही कितीतरी पाहिली आहेत. फरशीवर जुन्या सतरंज्या किंवा गोणपाट टाकून जेवणापासून दारापर्यंत एक वाट करून द्या. एवढ्यानंही फरक पडतो.

एक कोपरा त्याचा असू द्या. दोन बाजूंना भिंत, येण्याजाण्याच्या वाटेत नाही, स्वयंपाकघरापासून लांब. ते स्वतःच पलंगाखाली किंवा टेबलाखाली जागा निवडत असेल तर तीच त्याची जागा. तिथून त्याला ओढून काढू नका. खाणं-पाणी जवळ सरकवा आणि बाजूला व्हा.

पाहुणे नकोत. शेजारपाजारची मुलं बघायला येतील, त्यांना प्रेमानं पुढच्या महिन्यात बोलवा. आंघोळ नको. वास येतो हे खरं, पण अनोळखी माणसांनी धरून अंगावर पाणी ओतलं ही त्याची तुमच्याबद्दलची पहिली आठवण होऊ नये. फारच मळलेलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, तेही त्यानं पुसू दिलं तर.

कर्वेनगरच्या एका घरातली भुरी आम्ही विसरत नाही. साधारण दोन वर्षांची कुत्री, मागच्या पायाला जुनी जखम. आली ती थेट वॉशिंग मशीनच्या मागे. चार दिवस तिथेच. खाणं-पिणं रात्री सगळे झोपल्यावर. घरचे हवालदिल झाले होते. त्या घरातल्या आजी रोज दुपारी मशीनपासून सात-आठ फुटांवर, तिच्याकडे पाठ करून, मटार सोलत बसायच्या. हाक नाही, हात पुढे नाही. स्वतःशी काहीतरी गुणगुणायच्या तेवढंच. सहाव्या दिवशी पदराला काहीतरी लागलं. आजींनी मान वळवली नाही. भुरीनं पदर हुंगला, मग कोपर हुंगलं, आणि एक दाणा उचलून परत मागे गेली. आम्ही शिकवण्याचे पैसे घेतो, पण त्या घरात शिकवायला आमच्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

पाठ करून बसणं, रोखून न पाहणं, वरून डोक्यावर हात न नेणं आणि त्याला आपणहून येऊ देणं, इतकंच पहिल्या आठवड्यात करायचं असतं. आलं तर हनुवटीखाली किंवा छातीवर दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. आणखी हवं असेल तर ते पुढे सरकेल.

तीन दिवस बुजलेलं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं, असा एक ठोकताळा या क्षेत्रात सांगतात. तो आम्हीही वापरतो, पण ते वेळापत्रक नव्हे. माणसांच्या हातून मार खाल्लेल्या कुत्र्याला वर्षही लागतं.

दार

या पत्रकातला एकच भाग नीट वाचणार असाल तर हा वाचा.

नवीन कुत्रं सुटून पळण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. घर अजून त्याचं नसतं, नाव ओळखीचं नसतं, हाक मारली तर यायचं हे माहीत नसतं. आमच्याच एका कुत्र्याच्या बाबतीत हे घडलं. सिलिंडरवाला आला, आम्ही दार पूर्ण उघडलं, सिलिंडर उंबऱ्याला आपटला, आणि ते पायांमधून निसटून जिन्यानं खाली. हातात राहिला गळपट्टा. चूक आमची होती. पट्टा सैल होता आणि दार उघडण्याआधी त्याला आतल्या खोलीत ठेवलं नव्हतं.

पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नकोत. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला, दोन्हींना वेगवेगळी लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लावा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान काढून घेतं, तेव्हा दुसरी दोरी जीव वाचवते. आपोआप गुंडाळली जाणारी लीश या काळात नको. हातातून सुटली की तिची प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे येते आणि कुत्रं तिलाच घाबरून आणखी पळतं. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला पहिल्याच दिवशी लावा. डॉक्टरांकडे मायक्रोचिप बसवून घेता येते. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि त्वचेखाली राहते. पण ती वाचायला यंत्र लागतं, म्हणून बिल्ल्याला पर्याय नाही. गॅलरीला जाळी नसेल तर तिचं दार बंदच ठेवा.

सुटलंच, तर पाठलाग करू नका. हाका मारत चार माणसं मागे लागली की ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल. घाबरलेलं कुत्रं पुष्कळदा जवळच कुठेतरी, गाडीखाली, बांधकामावर, गटाराच्या कडेला दडलेलं असतं आणि सामसूम झाल्यावर बाहेर येतं. पहाटे चार-पाचला एकट्यानं जा, जमिनीवर बसा, वासाचं खाणं ठेवा. आमचं कुत्रं दोन रात्रींनी, इमारतीपासून तिसऱ्या गल्लीत, एका टेम्पोखाली सापडलं. जवळच्या चहावाल्यांना, पहारेकऱ्यांना आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांना लगेच फोटो द्या. कोणतं नवं कुत्रं गल्लीत आलं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

खाणं आणि शी-शू

आधी जे खात होतं तेच आठवडाभर द्या आणि हळूहळू बदला. एकदम भारी खाणं दिलं की जुलाब ठरलेले. मीठ-मसाला न घातलेला भात आणि उकडलेलं चिकन पुष्कळांना पचतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट कधीच नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत.

उपाशी दिवस काढलेलं कुत्रं ताटलीवर कुणी आलं की गुरगुरतं. "माझ्या हातचं खातं आणि माझ्यावरच गुरगुरतं" असं मनाला लावून घेऊ नका. ताटलीत हात घालून त्याची परीक्षा घेऊ नका, ताटली काढून घेऊ नका. लांबून जाताना ताटलीत आणखी एखादा चांगला तुकडा टाका आणि पुढे चालू लागा. माणूस जवळ आला की कमी होत नाही, वाढतं, हे त्याला काही आठवड्यांत कळतं.

रस्त्यावरच्या कुत्र्याला बहुधा मातीवर किंवा गवतावरच जायची सवय असते, त्यामुळे काही कुत्री चोवीस तासही धरून ठेवतात. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर खाली न्या, रोज त्याच जागी, आणि तिथे केलं की लगेच खाऊ द्या. घरात झालं तर मुकाट्यानं पुसा. नाक घासणं, ओरडणं यानं एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागे करतं.

गुरगुरणं ही सूचना आहे

कुत्रं एकदम चावतं, असं लोक म्हणतात. सहसा त्यानं आधी बरंच सांगून झालेलं असतं. तोंड फिरवणं, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचं पांढरं दिसणं, शेपूट पोटाशी, आणि मग सगळं अंग एकदम ताठ. त्यानंतर गुरगुर. गुरगुरल्याबद्दल मारलंत तर ते पुढच्या वेळी गुरगुरणार नाही, थेट चावेल. गुरगुरलं की थांबा, मागे व्हा, आणि नेमकं काय नको होतं ते लिहून ठेवा. आम्ही घरी येतो तेव्हा ती वही सर्वांत उपयोगी पडते.

लहान मुलं आणि नवीन कुत्रं एका खोलीत एकटी नकोत, कुत्रं कितीही शांत असलं तरी. झोपलेल्या कुत्र्याला मुलानं हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोघांची पहिली भेट बाहेर, मोकळ्या जागी, थोडं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालत घडवा. ताटल्या वेगळ्या, खोल्या वेगळ्या.

चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. घरचंच कुत्रं आहे, लस दिलेली आहे, म्हणून टाळाटाळ नको.

डॉक्टर

पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांना दाखवा. शांत कुत्रं कधी कधी घाबरलेलं नसून आजारी असतं. आपल्याकडे गोचीड ताप फार आहे, आणि गोचीड चावल्यावर लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. म्हणजे आणताना अंगावर एकही गोचीड नसली तरी ताप नंतर वर येतो. मरगळ, खाणं कमी, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर रक्त तपासायला सांगा. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. माणसांची ही औषधं कुत्र्याचा जीव घेऊ शकतात.

कानाच्या टोकाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि तेव्हा रेबीजची लसही दिलेली असते. पण ती लस दरवर्षी लागते आणि शेवटची कधी दिली हे कान सांगत नाही. पुन्हा द्या आणि दाखला जपून ठेवा. महापालिकेचा परवाना काढताना तो लागतो. परवाना जरूर काढा. सोसायटीत कुणी कुत्र्याला लिफ्टबंदी केली किंवा पाळूच नका म्हणालं, तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही. त्याचबरोबर शी उचलायला पिशवी रोज न्या. भांडण निम्मं तिथेच संपतं.

एकटेपण, ढोल आणि फटाके

शक्य असेल तर पहिला आठवडा रजा घ्या, पण चोवीस तास चिकटून बसू नका. दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत, मग पाच, मग कचरा टाकून येण्याइतकं बाहेर. आठ दिवस सतत सोबत आणि नवव्या दिवशी सकाळी नऊ ते सात कुलूप, हा धक्का त्याला झेपत नाही.

पुण्यात गणपतीच्या बऱ्याच आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालतो, पुढे दिवाळी. कुत्रं कधी आणायचं हे तुमच्या हातात असेल तर हे दिवस टाळा. आणलेलं असेल तर त्या काळात संध्याकाळचं फिरणं आवाज सुरू होण्याआधी उरका, खिडक्या-पडदे लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. ते तुमच्या कुशीत शिरलं तर शिरू द्या. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही. फारच थरथरत असेल तर डॉक्टरांकडे औषध मिळतं, पण ते आधी काही दिवस ठरवावं लागतं; लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही.

आमच्याबद्दल

घरी येऊन पहिले सहा आठवडे व्हायच्या आत आम्ही कुठलंही दत्तक कुत्रं राहायला घेत नाही. पैसे जास्त देतो म्हणालात तरी नाही. नुकतं एक घर कळायला लागलेलं असताना पुन्हा नव्या जागी सोडलं तर आपल्याला टाकून दिलं असं त्याला वाटणारच. लग्न किंवा प्रवास ठरलेला असेल तर तो उरकून मग कुत्रं आणा, किंवा आम्हाला सांगा. तुमच्या घरी येऊन सांभाळणारं माणूस आम्ही बघून देतो.

पहिल्या तीन महिन्यांत फोनवर बोलण्याचे पैसे आम्ही घेत नाही. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला" असं वाटलं तरी करा. काही केल्या जमत नसेल तरीही आधी आम्हाला सांगा. ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याशी बोलून दुसरं घर शोधायला मदत करू आणि त्याबद्दल तुम्हाला बोल लावणार नाही. पण आणलं तिथे किंवा लांब कुठेतरी सोडून येऊ नका. काही महिने घरात राहिलेल्या कुत्र्याला त्याची जुनी गल्लीही परत घेत नाही.

सहा आठवड्यांनंतर पाळणाघरात येणार असाल तर आधी दोनदा नुसतं अर्धा तास घेऊन या. राहायला सोडताना लसीचा दाखला, रोजचं खाणं आणि त्याची अंथरायची चादर आणा. चादर धुऊ नका, तिला घराचा वास राहू द्या.